धोक्याचा बावटा : खरा आणि खोटा

ज्यांचें बालपण रत्नागिरीच्या बंदराजवळ गेलें आहे, त्यांना बावट्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. समुद्रावर वादळाचीं चिन्हें दिसूं लागलीं म्हणजे वेधशाळेची सूचना बंदरावर येते व बंदरावरील खांबावर धोक्याची खूण चढते. 'तीन नंबरचा बावटा लागला' एवढे शब्द कानीं पडतांच होड्या वर ओढल्या जातात, आणि समुद्रावर गेलेल्यांच्या घरीं दिवा उशिरापर्यंत जळत राहतो. नोव्हेंबर २००९ मध्यें फयान वादळ कोंकणच्या किनाऱ्यावर येऊन थडकलें, तेव्हां अनेक नौका भर समुद्रांत होत्या. आपल्या जिल्ह्यांतील कित्येक मच्छीमार त्या वेळीं परत आले नाहींत. तेव्हांपासून बावट्याची थट्टा करणारा मनुष्य या गांवांत मला तरी भेटलेला नाहीं.

परंतु गेल्या वर्षभरांत एका निराळ्याच समुद्रावरील बावट्याशीं मला प्रसंग पडला. संगणकावर वा मोबाइलवर संकेतस्थळें पाहतांना अकस्मात् जी 'विषाणू शिरला' अशी सूचना दिसते, तिच्याविषयीं मी बोलत आहें. या सूचनेमुळें मी स्वतः फसलोंच. पण त्याच्या आधीं एका विद्यार्थ्यावर माझ्या हातून अन्याय झाला. त्या मुलास झालेली शिक्षा वर्गाच्या चार भिंतींबाहेर सर्वांस कळली होती. तेव्हां माझी कबुलीहि तितकीच दूर पोंचावी, म्हणून या वार्षिक अंकांतील दोन पानें मीं मागून घेतलीं आहेत.

जुलै महिन्याचे दिवस होते. पाऊस कोसळत होता व मैदानावर पाणी सांचलें होतें. म्हणून खेळाचा तास रद्द करून नववीच्या वर्गाला मीं संगणक-कक्षांत बसविलें. प्रत्येकानें विज्ञानाच्या प्रकल्पासाठीं आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या जीवाविषयीं माहिती मिळवावयाची होती. बंदराकडच्या वस्तींत राहणारा एक मुलगा (त्याचें नांव मी येथें देत नाहीं) वेळासच्या किनाऱ्यावर अंडीं घालावयास येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचीं चित्रें शोधीत होता. एकाएकीं खोलींत भोंगा वाजूं लागला. मी धांवत त्याच्यापाशीं गेलों, तों पडदा लालभडक झालेला, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलें, कीं या संगणकास पांच विषाणूंची बाधा झाली आहे, आंतील कागदपत्रें नष्ट होत आहेत, संगणक बंद करूं नये, व पुढील क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनि करावा.

अशी आपत्ति केवळ अयोग्य ठिकाणीं भटकणाऱ्यांवरच ओढवते अशी माझी त्या वेळीं पक्की समजूत होती. मीं भिंतींतील बटन बंद करून त्यास विचारलें, "कोठें गेला होतास?" तो म्हणाला, "सर, कासवांचीं चित्रं बघत होतों." वर्गांत हशा पिकला. तो हशा मला माझ्या बाजूचा वाटला. पुन्हां विचारलें, तेव्हां तो कांहींच बोलेना. आणि त्याचें मौन हाच मीं अपराधाचा पुरावा मानला. गणपतीच्या सुटीपर्यंत त्यास संगणक-कक्षांत येण्याची बंदी झाली, व घरीं पत्र गेलें.

तिसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. व्हरांड्यांत ओली छत्री टेकवून ती उभी राहिली व म्हणाली, "सर, तो खोटं बोलत नाहीं." मी म्हणालों, कीं पडद्यावर दिसलें तें सर्व वर्गानें पाहिलें आहे. त्यावर क्षणभर थांबून ती म्हणाली, "तुम्ही म्हणतां तर तसं असेल. आम्हांला त्यांतलं काय कळतं?" ती छत्री उचलून निघून गेली. मासेमारीबंदीचे ते दिवस असल्यानें मुलाचे वडील घरींच जाळीं दुरुस्त करीत होते. त्यांनीं मुलाचा मोबाइल काढून घेतल्याचें मला पुढें समजलें. प्रश्न विचारतांच ज्याचा हात सर्वांच्या आधीं वर जात असे, तो मुलगा त्यानंतर खिडकीकडे पाहत बसूं लागला. प्रकल्पाची वही त्यानें वेळेवर दिली. संगणकावर चित्रें मिळण्याची सोय मीं काढून घेतली होती, म्हणून त्यानें तीं सारीं कासवें पेन्सिलीनें स्वतः काढलीं होतीं. मीं त्यास दहांपैकीं आठ गुण दिले आणि आपण निःपक्षपाती आहों असें मानून समाधान पावलों.

आणखी मौज अशी, कीं ऑगस्टमध्यें सकाळच्या परिपाठांत 'संगणकाचें आरोग्य' या विषयावर मींच भाषण दिलें. मीं सांगितलें, कीं विषाणू म्हणजे कोणी सजीव जंतु नव्हे. ती मनुष्यानेंच लिहिलेली, स्वतःच्या प्रती स्वतःच काढीत पसरणारी आज्ञावली होय. आज घरोघरीं दिसणाऱ्या संगणकाच्या पूर्वजांवर पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू १९८६ सालीं लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या दोघां भावांनीं लिहिला. त्याचें नांव 'ब्रेन'. आपली प्रणाली लोक फुकट नकलून घेतात याचा त्यांना राग होता. म्हणून त्यांनीं विषाणूच्या पोटांत आपलीं नांवें, पत्ता व दूरध्वनि क्रमांक घालून, उपाय हवा असेल तर आमच्याशीं बोला, अशी सूचना ठेवली होती.

मग मीं आपल्याकडचें उदाहरण दिलें. दुसरे दोघे भाऊ, कैलास व संजय काटकर, हे मूळचे सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे. कैलासरावांचें शालेय शिक्षण दहावीपाशींच थांबलें. ते पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानांत काम करूं लागले, आणि धाकट्या भावानें संगणकाचें शिक्षण घ्यावें असा त्यांनींच आग्रह धरला. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत फ्लॉपीवाटे शिरलेले विषाणू वरचेवर सांपडत. ते काढण्याची प्रणाली संजयरावांनीं लिहिली, आणि त्यांतूनच १९९० नंतरच्या दशकांत 'क्विक हील' हें औषध निघालें. लाहोरच्या दोघां भावांनीं रोग निर्माण केला, सातारच्या दोघांनीं औषध काढलें, असें मी म्हणतांच टाळ्या पडल्या. तो मुलगाहि रांगेंत उभा होता. त्यानें टाळी वाजविली कीं नाहीं, तें मीं पाहिलें नाहीं.

दिवाळीच्या सुटींत याच वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठीं एखादा सुबक अक्षरसंच, म्हणजे फाँट, विनामूल्य मिळतो काय तें मी रात्रीं घरीं पाहत बसलों होतों. एका पृष्ठावर 'डाउनलोड' अशी तीन बटनें होतीं. त्यांतलें सर्वांत मोठें मीं दाबलें. त्याबरोबर तोच भोंगा, तोच लाल पडदा, तीच पांच विषाणूंची वार्ता! पडदा बंद करण्याची फुली कोठें दिसेना. एक चौकट घालवावी तों दुसरी येई. संगणकांत नववीच्या परीक्षेच्या गुणांच्या याद्या होत्या, अंकाचे लेख होते, माझ्या दिवंगत वडिलांचीं छायाचित्रें होतीं. वाचकहो, ऑगस्टमध्यें ब्रेन विषाणूचा इतिहास सांगणाऱ्या गृहस्थानें त्या क्षणीं पडद्यावरील क्रमांक फिरविला.

पलीकडील आवाज तरुणाचा होता. हिंदी व इंग्रजी मिश्र, अत्यंत सभ्य. "घाबरूं नका सर," असें त्यानें तीन वेळां म्हटलें, आणि प्रत्येक वेळीं माझी भीति वाढली. त्याच्या सांगण्यावरून मीं एक लहानशी प्रणाली उतरवून घेतली व तिच्यावरचे आंकडे त्यास वाचून दाखविले. तेव्हां माझ्या संगणकावरील बाण माझा हात न लागतां आपोआप फिरूं लागला. त्यानें एक लांबलचक यादी उघडून दाखविली; तींत लाल फुल्या व पिवळे त्रिकोण ओळीनें होते. "हे सर्व विषाणू," तो म्हणाला. साफसफाईचे साडेआठ हजार रुपये आत्तांच भरावे लागतील. आणि तोंपर्यंत घरांतील कोणाशीं बोलूं नये, नाहींतर विषाणू त्यांच्या मोबाइलमध्यें शिरेल.

बँकेचें कार्ड शेजारच्या खोलींतील कपाटांत होतें आणि किल्ली पत्नीपाशीं. ती सरकारी रुग्णालयांत परिचारिका आहे. रात्रपाळी करून आल्यामुळें लवकर निजली होती. मी दारांत जाऊन उभा राहिलों. पण तिला उठवून काय सांगावें तें सुचेना. 'कोणतें पृष्ठ उघडलें होतें?' असें ती विचारील. मी 'अक्षरसंच शोधत होतों' असें म्हणेन. आणि तें खरें असूनहि खोटें वाटेल! या विचारानें मी जागच्या जागीं थबकलों. जुलैमध्यें माझ्यापुढें उभा असलेला मुलगा गप्प कां झाला होता, हें त्या दारांत मला चार महिन्यांनीं समजलें.

इतक्यांत पत्नीला जाग आली. "काय झालं?" तिनें विचारलें. मीं सर्व सांगितलें. तिनें कोणतेंहि पृष्ठ विचारलें नाहीं. "अहो, आधीं तें इंटरनेट बंद करा," ती म्हणाली. मीं भिंतीजवळील यंत्राची तार उपसली. फिरणारा बाण थांबला. मग ती शांतपणें म्हणाली, "आमच्याकडे नाडी न बघतां कोणी रोग सांगितला, तर आम्ही त्याला डॉक्टर म्हणत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं बाजारांतील एका दुरुस्तीवाल्याकडे संगणक नेला. त्यानें ती परकी प्रणाली काढून टाकली आणि सर्व तपासणी करून सांगितलें, कीं विषाणू एकहि नव्हता. शेजाऱ्याच्या संगणकावर बसून मीं आपले सर्व परवलीचे शब्द बदलले व बँकेस कळविलें. पैसे गेले नाहींत. परंतु अर्धा तास एक परका मनुष्य माझ्या घरांत, माझ्या वडिलांच्या छायाचित्रांत, माझ्या विद्यार्थ्यांच्या गुणांत वावरत होता, ही जाणीव अद्याप गेलेली नाहीं.

त्या दुरुस्तीवाल्यानें व पुढें वाचनानें जें कळलें, तें विद्यार्थ्यांच्या उपयोगाचें म्हणून थोडक्यांत देतों. संकेतस्थळ म्हणजे दुसऱ्यानें लिहिलेलें एक पान. ब्राउझर तें आपल्याला दाखवितो, पण त्या पानाला आपल्या संगणकाचें कपाट उघडून तपासण्याची मुभा देत नाहीं. म्हणून 'तुझ्या संगणकांत पांच विषाणू आहेत' असें जें पान सांगतें, तें न पाहतांच सांगतें. कासवें पाहणारा मुलगा असो वा अक्षरसंच शोधणारा शिक्षक, दोघांनाहि संख्या पांचच! तें पान सर्व पडदा व्यापून टाकतें, म्हणून फुली दिसत नाहीं. मला दाखविलेली लाल फुल्यांची यादी ही तर प्रत्येक संगणकांत असणारी रोजच्या घडामोडींची नोंदवही. निरोगी संगणकांतहि तींत शेंकडों किरकोळ चुकांची नोंद असते. आणि अशीं पानें बहुधा जाहिरातींच्या जागेंतून शिरतात. त्यामुळें निष्पाप विषयाच्या पृष्ठावरहि तीं गांठतात. माझ्या पक्क्या समजुतीचा पाया येथेंच ढांसळला.

यावरून विषाणू हें केवळ थोतांड आहे असें मात्र कोणीं समजूं नये. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचा खरा विषाणू जगभर पसरला, तेव्हां आपल्याच महाराष्ट्रांतील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचें काम विस्कटून गेलें. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत शिरलेल्या अशाच दुष्ट आज्ञावलीमुळें सुमारें ९४ कोटी रुपये लुटले गेले. हे खरे विषाणू भोंगा वाजवीत आले नाहींत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्या सभ्य आवाजाचा विचार माझ्या मनांत अनेक दिवस घोळत राहिला. तो कोणाचा तें मला कधींच कळणार नाहीं. पण ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणे पोलिसांनीं मीरा रोड येथें छापे घातले, तेव्हां अमेरिकेचे करअधिकारी असल्याची बतावणी करून तेथील लोकांना दूरध्वनीवरून धमकावणारीं केंद्रें उघडकीस आलीं होतीं, आणि सातशेंहून अधिक लोकांना ताब्यांत घेतलें गेलें होतें. त्यांत बहुतेक तरुण मुलें-मुली होत्या. त्यांना नम्रपणें इंग्रजी बोलावयास कोणी तरी शिक्षकानेंच शिकविलें असेल. आम्ही उच्चार शिकवितों, व्याकरण शिकवितों. त्या उच्चारांनीं कोणाशीं काय बोलावें, हें शिकविण्यास तास पुरत नाहीं अशी आम्ही तक्रार करतों.

सुटी संपून शाळा सुरू झाली, त्या पहिल्या दिवशीं मीं नववीच्या वर्गापुढें सर्व हकीकत सांगितली आणि त्या मुलाची, त्याचें नांव घेऊन, क्षमा मागितली. वर्ग अगदीं शांत होता. मीं विचारलें, "त्या दिवशीं तूं जोर धरून सांगितलें कां नाहींस?" तो उभा राहून म्हणाला, "सर, एकदां सांगितलं होतं." यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. संध्याकाळीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई म्हणाली, "सर, त्यासाठीं इतकं पावलं झिजवायला नको होतं," आणि तिनें चहा ठेवला. आजोबा ओटीवर बसले होते. खऱ्या-खोट्या सूचनेची गोष्ट त्यांनीं लक्षपूर्वक ऐकून घेतली व विचारलें, "हा बावटा पैसे मागतो काय?" मीं होय म्हणतांच ते हंसले. त्यांना पुढें कांहीं सांगावें लागलें नाहीं.

माझ्या मतें खऱ्या-खोट्याची मुख्य कसोटी तीच. ब्राउझरहि कधीं कधीं खरी लाल सूचना देतो. 'पुढील स्थळ धोक्याचें आहे' असें सांगून तो आपल्याला वाटेंतच अडवितो व मागें फिरण्याचा मार्ग दाखवितो. तो दूरध्वनि क्रमांक देत नाहीं, पैसे मागत नाहीं, भोंगा वाजवीत नाहीं. त्याचें ऐकावें व मागें फिरावें. खोटी सूचना मात्र घाई करते, भीति घालते, क्रमांक देते आणि गुप्तता पाळावयास सांगते. ती दिसल्यास आंतील कोणतेंहि बटन दाबूं नये. संगणकावर एस्केप ही कळ कांहीं क्षण दाबून धरावी, म्हणजे पडदा मोकळा होतो, व तें पान बंद करावें. तेवढ्यानें न भागलें तर कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करावा. पुन्हां उघडतांना मागचीं पानें परत आणूं नयेत. मोबाइलवर तें पान व ब्राउझर बंद करावा. कित्येक संकेतस्थळें आरंभीं 'ॲलाउ' हें बटन दाबावयास लावतात. तें दाबल्यास त्यांना आपल्या पडद्यावर वाटेल तेव्हां सूचना धाडण्याची परवानगी मिळते, आणि मग दिवसरात्र विषाणूंच्या आरोळ्या सुरू होतात. सेटिंग्जमध्यें जाऊन ती परवानगी काढून घेतली, कीं आरोळ्या थांबतात. त्यानंतर आपल्याच अँटिव्हायरस प्रणालीकडून एकवार तपासणी करून घ्यावी.

आणि पैसे गेलेच तर? लाज धरून एक रात्रहि दवडूं नये. तत्क्षणीं १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें व बँकेस सांगावें. जितक्या लवकर कळवावें तितकी रक्कम वाटेंत अडविली जाण्याची आशा अधिक.

पालकांस माझी एकच विनंती आहे. आपलें मूल असा लाल पडदा घेऊन आपल्याकडे आलें, तर 'कोठें गेला होतास?' हा प्रश्न आधीं विचारूं नये. तो विचारण्यास पुढें वेळ असतो. आणि बहुधा तो विचारण्याचें कारणहि उरत नाहीं. भामट्याचें अर्धें काम त्याचा भोंगा करतो. उरलेलें अर्धें घरांतील धाकानें होतें. जें मूल आपल्याला भितें, तें त्या परक्या क्रमांकाशीं बोलतें. माझ्या घरीं पत्नीनें तो प्रश्न विचारला नाहीं, म्हणून मी वांचलों. माझ्या वर्गांत मीं तो विचारला, आणि एका मुलाचे चार महिने फुकट गेले.

संगणक-कक्षाच्या दारावर आतां एक कागद लावलेला आहे. लाल पडदा दिसल्यास काय करावें, हें त्यावर पांच ओळींत लिहिलें असून पहिली ओळ 'आधीं सरांना हांक मारा, सर रागावणार नाहींत' अशी आहे. हा मजकूर माझा नाहीं. मीं तो त्या मुलास लिहावयास सांगितलें होतें. पहिली ओळ त्यानें आपल्या मनानें घातली, व मीं ती ठेवली. कागदाच्या कोपऱ्यांत त्यानें पेन्सिलीनें एक लहानसें कासव काढलें आहे. स्नेहसंमेलनास येणाऱ्या पालकांनीं तें अवश्य पाहावें.